परत तेच जहाज

एकदा बघून झालेल्या ठिकाणी माणूस परत गेला की आमच्याकडं त्याची दोनच कारणं धरतात: नवस, नाहीतर जमिनीचा दावा. अलास्कात माझं दोन्हीपैकी काही नाही. त्यामुळं 2024 च्या जूनमध्ये परत तिकडं निघालो तेव्हा बेळगावात शहापुरच्या खडेबाजारापासून उद्यमबागेतल्या चहाच्या टपरीपर्यंत ज्यानं त्यानं विचारलं, "काय वो, परत तिथंच चाललासा? आणि जहाजबी तेच?"

जहाजबी तेच. कोनिंग्सडाम. कोरोना ओसरल्यावर 2022 मध्ये त्याच जहाजानं आम्ही ग्लेशियर बेला, म्हणजे अलास्कातल्या हिमनद्यांच्या खाडीला, जाऊन आलो होतो, आणि खरं सांगायचं तर त्या खेपेला मी ग्लेशियर बघायला गेलो आणि जहाज बघून आलो. जवळजवळ तीनशे मीटर लांब, टनेज 99,836, दोन हजार सहाशेच्या वर प्रवासी. सांबऱ्याच्या विमानतळाला मोठं म्हणणारा माणूस मी. कुठली लिफ्ट कुठं उघडते, जेवायला कुठल्या मजल्यावर जायचं, पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं, हे कळेपर्यंत आठवडा संपत आला. मार्जरी ग्लेशियरपुढं जहाज थांबलं, त्यातला निम्मा वेळ डावीकडं उभं राहावं की उजवीकडं यातच गेला. नवीन जहाज घेतलं असतं तर परत पहिल्यापासून तेच. ओळखीच्या जहाजावर डोळे मोकळे राहतात, एवढं साधं माझं म्हणणं होतं. बायकोला ते लगेच पटलं. एजंटला पटलं नाही.

एजंटनं दोनदा दुसऱ्याच जहाजाचं कोटेशन पाठवलं. नवीन आहे, घसरगुंड्या आहेत, स्वस्तात पडतंय. सगळं खरं होतं, पण ते जहाज ग्लेशियर बेमध्ये जातच नव्हतं. जाणाऱ्यांनी हे नीट बघून घ्यावं. जाहिरातीत सगळीकडंच हिमनदीचे फोटो असतात, पण ग्लेशियर बे हे नॅशनल पार्क आहे आणि तिथं दिवसाला दोनच मोठ्या प्रवासी जहाजांना आत सोडतात. परवाने ठरावीक कंपन्यांकडं आहेत. बाकीची जहाजं दुसऱ्या खाडीत किंवा दुसऱ्या हिमनदीपाशी नेतात. तीही चांगलीच असतील, पण मला इथंच जायचं होतं. म्हणून कोटेशनमध्ये दिवसवार काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत.

ह्या खेपेला साडू आणि मेहुणी बरोबर होते. साडूभाऊंचं गाव निपाणीकडं, वेदगंगेच्या काठावर. तंबाखू आणि ऊस. त्यांच्या पासपोर्टपासून सुरुवात करायची होती. बेळगावच्या हेड पोस्टातच आता पासपोर्टचं काम होतं, हुबळीला हेलपाटा पडत नाही. आमच्या दोघांच्या पासपोर्टांची मुदत संपत आली होती, म्हणून आम्हीही त्यांच्याबरोबर गेलो. आता जुन्या पासपोर्टात जन्मगाव एका स्पेलिंगनं आणि 2014 ला शहराचं नाव बदलल्यापासूनच्या कागदांवर दुसऱ्या. सीमाभागातल्या माणसाला याची सवय असते, दोन्हीच्या झेरॉक्स काढून नेल्या. नव्या पासपोर्टावर अमेरिकेचा व्हिसा परत काढावा लागत नाही. दहा वर्षांचा व्हिसा जुन्या पासपोर्टात असला तर दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवायचे, बस्स. कॅनडाचा व्हिसा मात्र सहसा पासपोर्टाच्या मुदतीपुरताच असतो. आणि व्हिसे दोन्ही लागतात, कारण जहाज कॅनडातल्या व्हँकुव्हरहून सुटतं, मधली सगळी बंदरं अमेरिकेची, आणि शेवट परत व्हँकुव्हरला.

साडूभाऊंच्या अमेरिकेच्या व्हिसाला तारीख मिळायला कित्येक महिने लागले. बोटांचे ठसे घ्यायच्या दिवशी वेगळीच पंचाईत. आयुष्यभर तंबाखूची पानं हाताळून बोटं गुळगुळीत झालेली, मशीन ठसा धरेना. हात पुसून, दाबून, परत पुसून, शेवटी धरला. दुसऱ्या दिवशी मुलाखत मराठीतच झाली. काय करता? शेती. अमेरिकेत कोण आहे? कोण नाही. मग कशाला चाललाय? साडूभाऊ म्हणाले, "हे आमचे साडू म्हणतात बर्फ बघ, म्हणून." खिडकीतली बाई हसली आणि पासपोर्ट ठेवून घेतला. ह्यापेक्षा चांगलं उत्तर कुठल्या कोचिंगवाल्यानं शिकवलं नसतं.

खोलीवरून घरात थोडं वाजलं. पहिल्या खेपेला बाल्कनीची खोली होती. बाल्कनी छानच असते, पण आपण तिच्यात बसतो किती, याचा हिशेब मी केला होता. हिमनदी समोर असताना सगळे वर डेकवर असतात. बाकीच्या वेळी वारा इतका असतो की दार उघडं राहत नाही. म्हणून ह्या वेळी दोन्ही जोड्यांनी आतल्या खोल्या घेतल्या, बिनखिडकीच्या. जूनमध्ये तिकडं रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि पहाटे लवकर फटफटतं, तेव्हा काळोखी खोली झोपेला उत्तम. वाचलेल्या पैशात चौघांची वाटेतल्या बंदरांवरची, स्कॅग्वेची रेल्वे आणि जूनोची बस निघाली. बायकोचं मत अजून वेगळं आहे, ते तिला विचारा.

सामानात काय न्यायचं यावर सगळ्या गल्लीचं मार्गदर्शन मिळालं. जहाजावर कुंदा न्या, तिथल्या पोरांना द्या, असं म्हणणारे पुष्कळ. दुधाचा पदार्थ परदेशी कस्टम्सपुढं कोण मांडत बसणार? शेंगाचटणी, मेतकूट आणि लसणाची कोरडी चटणी एवढंच नेलं, फॉर्मवर लिहिलं, कुणी काही म्हटलं नाही. कपड्यांचं मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. एक जाडजूड कोट नेण्यापेक्षा पातळ थर तीन-चार आणि वर पाणी न लागणारं जॅकेट. कानटोपी हवीच. साडूभाऊंनी शाल घेतली होती, ती सगळ्यात जास्त वापरात आली.

सांबऱ्याहून दिल्ली आणि दिल्लीहून व्हँकुव्हर. विमानाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, एवढंच की एक बॅग दिल्लीतच राहिली आणि जहाज सुटायच्या आदल्या संध्याकाळी हॉटेलवर आली. जहाज पकडायचं असेल तर निदान दोन दिवस आधी पोचावं असं मी सगळ्यांना सांगतो, त्याचं कारण ही बॅग.

व्हँकुव्हरला जहाजं लागतात ती जागा कॅनडा प्लेस, तंबूसारखी पांढरी शिडं लावलेली इमारत. अमेरिकेचं इमिग्रेशन तिथंच, कॅनडाच्या जमिनीवर उरकून घेतात, म्हणजे पुढं जूनोला उतरताना परत रांग नाही. सामानाला लावायच्या चिठ्ठ्या घरूनच छापून नेल्या होत्या. जहाजात पाय टाकल्यावर साडूभाऊ उभे राहिले आणि वर बघायला लागले. मधला चौक तीन मजली आहे, त्यात पोलादाच्या वळणदार पट्ट्यांची प्रचंड मोठी शिल्पाकृती टांगलेली. मी मात्र सरळ लिफ्टकडं. आधी जेवण, मग खोली, कारण पहिल्या दुपारी खोल्या तयार व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात वरच्या लिडो, म्हणजे जेवणाच्या, मजल्यावरची गर्दी वाढते. हे पहिल्या खेपेला कुठं ठाऊक होतं?

ह्या जहाजाच्या काही मजल्यांना संगीतकारांची नावं आहेत. बेथोव्हेन, गर्श्विन, मोत्झार्ट, शूबर्ट. आमच्या खोल्या गर्श्विनवर. मेहुणी शेवटपर्यंत 'शरबत मजला' म्हणत होती, तो शूबर्ट. मला दर वेळी वाटतं, हे जहाज इटलीऐवजी आमच्याकडं बांधलं असतं तर एका मजल्याला कुमार गंधर्वांचं नाव लागलं असतं. सुळेभावी बेळगावपासून हाकेच्या अंतरावर, तिथं त्यांचा जन्म. दुसऱ्या मजल्याला मल्लिकार्जुन मन्सूर, तिसऱ्याला गंगूबाई. चौथ्या मजल्यावरून मात्र धारवाड आणि बेळगावात भांडण लागलं असतं.

जहाजावरची बरीचशी माणसं इंडोनेशियाची आणि फिलिपाइन्सची. गेल्या खेपेला आमच्या टेबलावर वाढणारा जावाचा पोरगा आता दुसऱ्या जहाजावर होता. त्यांचे करार काही महिन्यांचे असतात, सुटी घेऊन परत येतात ते कुठल्याही जहाजावर. बायकोनं त्याच्यासाठी आठवणीनं आणलेली चटणी मग स्वयंपाकघरातल्या एका गोवेकर पोराला मिळाली. फोंड्याकडचा. बेळगावचे म्हटल्यावर म्हणाला, "आमी बाजाराक बेळगावांच येतात मरे!" दुसऱ्या दिवसापासून आमच्या टेबलावर वरण येऊ लागलं, फोडणीसह. शाकाहाराची सूचना बुकिंगच्या वेळीच लिहून द्यावी लागते आणि आदल्या रात्री उद्याचं सांगून ठेवलं तर ते करून देतात. पण फोडणीचं वरण कुठल्या फॉर्ममध्ये नसतं.

पहिला दिवस नुसता पाण्यावर. व्हँकुव्हर बेटाच्या आतल्या बाजूनं जहाज जातं, दोन्हीकडं डोंगर, पाणी तळ्यासारखं. बेट संपलं की काही तास उघडा समुद्र लागतो, तेव्हा थोडं हलतं. मेहुणीनं आल्याच्या वड्या चघळल्या आणि झोपून गेली. त्या रात्री घड्याळ एक तास मागं करायचं, कारण अलास्काची वेळ वेगळी.

जूनो ही अलास्काची राजधानी, पण तिथं बाहेरून रस्ता येत नाही. विमानानं या नाहीतर बोटीनं. अशा गावात एका दिवसात पाच-पाच जहाजं लागतात. त्याच वर्षीपासून तिथल्या नगरपालिकेनं आणि जहाज कंपन्यांनी मिळून दिवसाला पाचच मोठी जहाजं असं ठरवलं होतं. आधी त्यापेक्षाही जास्त येत होती. स्थानिक लोक वैतागले तर नवल नाही. पर्यटनाच्या दिवसांत आंबोलीत रविवारी काय होतं ते आम्ही बघतो.

बंदरापासून मेंडेनहॉल ग्लेशियर बसनं अर्ध्या तासाच्या आत. हिमनदीसमोर तळं, तळ्याच्या कडेला धबधबा, आणि 1962 पासूनचं माहिती केंद्र. ते केंद्र बांधलं तेव्हा बर्फ किती जवळ होता त्याची चित्रं आत लावली आहेत. तळंसुद्धा बर्फ मागं सरल्यावर, 1930 च्या सुमाराला तयार व्हायला लागलेलं. पण साडूभाऊंना त्याच्यापेक्षा बसवाल्या बाईचं बोलणं जास्त लागलं. साठीची बाई, स्टिअरिंगवर बसून सांगत होती की गेल्या वर्षी, 2023 च्या ऑगस्टमध्ये, ह्याच हिमनदीतून निघणाऱ्या नदीला पूर आला आणि काठावरची घरं पाण्यात कोसळली. मी भाषांतर करत होतो. साडूभाऊ पुढच्या सीटवर जाऊन बसले.

"पाणी किती चढलं होतं?"

बाईनं हातानं दाखवलं. साडूभाऊंनी आपला हात त्याच्याही वर नेऊन दाखवला. 2019 चा ऑगस्ट. वेदगंगा उसात शिरली, घरात शिरली, हायवे बंद पडला, जनावरं सोडून द्यावी लागली. ती बाई गाडी उभी करून ऐकत होती. मग साडूभाऊंनी आमच्याकडच्या कुणीही विचारला असता तो प्रश्न विचारला.

"धरणाचं पाणी कुणी सोडलं?"

बाई म्हणाली, धरण नाहीच. मेंडेनहॉलच्या कडेला वर डोंगरात एक खोलगट भाग आहे. तिथं पूर्वी एक लहान हिमनदी होती, ती आटून मागं गेली. आता त्या खळग्यात पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी साचतं. मोठी हिमनदी त्याला आडवी आहे, तोच बांध. पाणी पुरेसं चढलं की बर्फाच्या खालून वाट काढतं आणि सगळं एकदम खाली येतं. 2011 पासून हे चालू झालंय.

साडूभाऊंनी ऐकून घेतलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला म्हणाले, "म्हणजे मंत्री नाही, इंजिनिअर नाही, आलमट्टी नाही. मग भांडायचं कुणाशी?"

मी हे भाषांतर केलं नाही. करायला हवं होतं का, कोण जाणे. आम्ही घरी परत आल्यावर ऑगस्टात जूनोला पुन्हा तसाच पूर आला, आधीच्यापेक्षा जास्त पाण्याचा. बातमी साडूभाऊंनीच मला पाठवली.

स्कॅग्वेला रेल्वे. इथं फार वेळ घालवत नाही, पण लोंढा-कॅसलरॉक-कुळे लाइनवर ज्यांचं येणं-जाणं आहे त्यांना सांगायलाच हवं. 1898 मध्ये कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्यामागं हजारो लोक इथल्या व्हाइट पास खिंडीतून निघाले. कॅनडाचे पोलीस वर्षभर पुरेल एवढी शिधासामग्री असल्याशिवाय हद्द ओलांडू देत नव्हते, म्हणजे माणशी टनाच्या आसपास ओझं. घोड्यांच्या पाठी मोडल्या, तीन हजाराच्या आसपास जनावरं त्या वाटेवर मेली. त्याच वर्षी रेल्वेचं काम सुरू झालं आणि 1900 मध्ये पुरं झालं, तोवर सोन्याची धावपळ ओसरली होती. तीन फुटी गेज, म्हणजे आपल्या जुन्या मीटरगेजपेक्षाही अरुंद. आमच्या ब्रगांझा घाटात चढ 37 ला 1, आणि तिथं मागून ढकलायला इंजिनं लावावी लागतात. व्हाइट पासवर काही ठिकाणी 26 ला 1 च्या आसपास. बत्तीस किलोमीटरमध्ये गाडी साडेआठशे मीटरच्या वर चढते. डबे लाकडी, आणि डब्याबाहेरच्या ओट्यावर उभं राहता येतं. दूधसागरला पावसाळ्यात लोक दारात लटकतात, तसलं काही करू नका म्हणून बायकोनं दोन्ही साडूंना आधीच बजावलं होतं.

आता ग्लेशियर बे.

त्या दिवशी मी पाचला उठलो. गजर लावायची गरज नव्हती, पुढच्या टोकाकडं जाणारं दार कुठलं ते माहीत होतं. सकाळी खाडीच्या तोंडाशी एक छोटी होडी येऊन जहाजाला भिडते आणि पार्कचे रेंजर चालत्या जहाजाला लावलेल्या दोरशिडीनं वर चढतात. मग दिवसभर तेच माईकवर बोलतात. जहाजावरची करमणूक जवळजवळ बंद. निघतानाच सांगितलं जातं की आज एकही कागद, टोपी, कपबशी पाण्यात पडता कामा नये.

ही खाडी म्हणजे काल-परवाची गोष्ट आहे. अठराव्या शतकाच्या मध्याला इथं पाणी नव्हतंच, तोंडापर्यंत बर्फ होता. त्याच्या आधी ह्या जागी हूना त्लिंगित ह्या मूळ रहिवाशांची वस्ती होती, पुढं सरकणाऱ्या बर्फानं त्यांना घरं सोडायला लावली. 1794 मध्ये कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतली माणसं आली तेव्हा बर्फाची भिंत तोंडापासून थोडीच आत सरली होती. 1879 मध्ये निसर्ग-अभ्यासक जॉन म्यूर आला, तोवर ती साठ-सत्तर किलोमीटर मागं गेली होती. आज टोकाला पोचायला जहाजाला शंभर किलोमीटरच्या वर आत जावं लागतं. हूना लोकांचं सभागृह आता बार्टलेट कोव्हच्या किनाऱ्यावर परत उभं आहे, 2016 मध्ये बांधलेलं. जहाजावरून रेंजरनं दिशा दाखवली.

जसजसं आत जावं तसतसे डोंगर उघडे होत जातात. तोंडाशी उंच झाडं, मग झुडपं, मग नुसतं शेवाळ, मग दगड. बर्फ ज्या क्रमानं मागं गेला त्याच क्रमानं हिरवळ आली. पाण्याचा रंगही पालटतो. दगडाची भुकटी मिसळून दुधट हिरवं होतं. जॉन्स हॉपकिन्सच्या फाट्यात त्या दिवसांत मोठ्या जहाजांना बंदी, कारण तिथं तरंगत्या बर्फावर सील पिल्लं घालतात. तोंडाशी उभं राहून दुरून बघितलं.

टार इनलेट ह्या फाट्याच्या टोकाला दोन हिमनद्या शेजारी शेजारी. डावीकडं मार्जरी, निळी-पांढरी, पाण्यावर सत्तर-पंचाहत्तर मीटर उंच. समोर ग्रँड पॅसिफिक, दगडमातीनं इतकी काळी की बघणारे तिला डोंगर समजतात. खाडी खोदणारी हीच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती इतकी मागं गेली की तिचं टोक अमेरिकेतून कॅनडात गेलं, पुढं परत वाढून अमेरिकेत आलं. रेंजर हे सांगत असताना मी साडूभाऊंकडं बघितलं आणि ते माझ्याकडं. अलास्काची ही हद्द 1903 मध्ये लवादानं ठरवली, तेव्हापासून ती आहे तिथंच आहे, बर्फच इकडून तिकडं जातो. आमच्याकडं उलटं झालं. माणसं होती तिथंच राहिली, 1956 मध्ये हद्द हलली. साडूभाऊ म्हणाले, "ह्या बर्फाला रेशन कार्ड कुठल्या राज्याचं वो?" शेजारची ऑस्ट्रेलियन जोडी आमच्याकडं बघायला लागली, इतके आम्ही हसलो.

जहाज मार्जरीपासून काही शे मीटरवर थांबतं आणि कप्तान ते जागच्या जागी सावकाश गोल फिरवतो. म्हणून बाजूसाठी धावाधाव करायचीच नाही, एका जागी उभं राहावं. मी पुढच्या टोकाला कठड्यापाशी उभा होतो. पन्नाशीपर्यंत भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस मी. चौदाशे अंशांचं लोखंड लाडलमधून, म्हणजे ओतायच्या भांड्यातून, साच्यात ओतलं जाताना त्याचा आवाज कसा असतो ते झोपेतही सांगेन. बर्फाचा आवाज मात्र बघण्याच्या मागून येतो. आधी भिंतीतून एक तुकडा निसटताना दिसतो, संथ वाटतो, आणि सेकंदभरानं धडाका कानावर आदळतो. तुकडा केवढा होता ते पाणी उसळल्यावर कळतं. पडण्याच्या आधी आतून बंदुकीसारखे बार निघतात. ते ऐकून कुठं बघायचं हे मला ह्या खेपेला समजायला लागलं. डावीकडच्या एका सुळक्यातून सारखी बर्फाची बारीक भुकटी गळत होती. मी साडूभाऊंना म्हटलं, तिकडं बघत राहा. दहाएक मिनिटांनी सुळका उभाच्या उभा खाली बसला.

आतला बर्फ निळा का, हे गेल्या वेळी मला नीट कळलं नव्हतं. वरच्या वजनानं दाबून दाबून आतली हवा निघून जाते, आणि तसल्या घट्ट बर्फात उजेडातला लाल भाग शोषला जातो, निळा बाहेर येतो. नुकत्याच तुटलेल्या जागी सगळ्यात गडद. आणि एक गोष्ट ओतकामवाल्याला टोचते. आमच्या धंद्यात सगळी डोकेदुखी धातू गार होताना आकसतो याची. साच्याच्या वर जादा धातू ठेवायचा, नाहीतर कास्टिंगमध्ये पोकळी राहते. राखाडी बिडात ग्राफाइट सुटून थोडी भरपाई होते एवढंच. पाणी मात्र गोठताना फुगतं. म्हणून बर्फ तरंगतो, म्हणून त्या तरंगत्या लाद्यांवर सील पिल्लं घेऊन पहुडतात. समोर एक होती, जहाजाकडं मान वळवून बघितलं आणि परत झोपली.

अशा वेळी डेकवर मोठ्या पातेल्यातून वाटाण्याचं डच सूप वाटतात, ही ह्या कंपनीची जुनी पद्धत. त्यात डुकराचं मांस असतं, त्यामुळं बायको आणि मेहुणीनं कॉफीवर भागवलं. साडूभाऊंनी दोन वाट्या घेतल्या.

2022 चा फोटो मी मोबाइलमध्ये समोर धरून बघत होतो. फरक दिसला का? डाव्या कडेला खडक जास्त उघडा वाटला. पण भरती-ओहोटी, ऊन-सावली, माझी जागा, सगळंच वेगळं, तेव्हा दोन फोटोंवरून निकाल देणार नाही. रेंजरला विचारलं. तो म्हणाला, मार्जरी बराच काळ स्थिर होती, अलीकडं तीही मागं सरायला लागली आहे. मग डोक्यात ते आलंच: एवढं मोठं जहाज, त्याचं इंधन, बेळगावहून इथवरची विमानं, आणि बघायचं काय, तर वितळणारा बर्फ. मी ह्यातून स्वतःला सोडवून घेणारं कुठलंही कारण शोधलं नाही. दोनदा आलो, दोन्ही वेळा आवडलं, आणि ही गोष्ट खटकतेही.

केचिकानला पाऊस. तिथं वर्षाला साडेतीन मीटरच्या वर पडतो याचा गाववाल्यांना अभिमान. आंबोलीत याच्या जवळजवळ दुप्पट पडतो हे सांगून साडूभाऊंनी एका दुकानदाराला नाराज केलं. देवदाराचे कोरलेले टोटेम खांब बघितले, ओढ्यावर खांबांवर उभी असलेली लाकडी घरं बघितली, आणि भिजून जहाजावर आलो.

शेवटच्या दिवशी जहाजावर पुढच्या सफरीचं बुकिंग घेणारी खिडकी असते. साडूभाऊंना रेंजरनं सांगितलेली हबर्ड ग्लेशियर डोक्यात बसली होती. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास लांब, आणि मागं न सरता पुढं येणारी, कारण तिचा बहुतेक सगळा भाग उंचावर आहे जिथं बर्फ साठतच राहतो. 1986 आणि 2002 मध्ये तिनं पुढं येऊन एका फ्योर्डचं, म्हणजे अरुंद खोल खाडीचं, तोंडच बंद केलं होतं. "वाढणारी बघू की," ते म्हणाले. खिडकीतल्या मुलीनं तारखा काढल्या. कोनिंग्सडाम तिकडं जात नाही, दुसरं जहाज घ्यावं लागेल. साडूभाऊंना जहाज कुठलंही चालतं. मला चालत नाही. बायको म्हणते, हबर्ड असो नाहीतर आणखी काही, खोली बाल्कनीची.

बुकिंग अजून झालेलं नाही.